सतरावं रिकामं घर

नागपूरच्या नियंत्रण कक्षात बसून रेवती भोयर चंद्रपूरच्या शीतल वसाहतीचे आकडे पाहत होती. वसाहत तिनेच आखलेली. बाहेर मे महिना, पारा अठ्ठेचाळीसवर, आणि आत दोनशेहून अधिक घरांत सुखाचे सत्तावीस अंश. वीजबिल निम्म्याहून कमी. सगळे कौतुक करत असताना शंका काढणारा एक तरी माणूस निघतोच, आणि तो नेमका आपल्याच खात्यात बदलून येतो. हा होता उष्मातज्ज्ञ विनय खोब्रागडे.

"मॅडम, या घरांतली उष्णता जाते कुठं?"

"भिंतींत मेण आहे. ते दिवसा उष्णता पिऊन वितळतं. जास्तीची उष्णता आपण नळ्यांतून रिकाम्या घरांत सोडतो. त्यांना उष्माकोठी म्हणायचं. रात्री झरोके उघडले की कोठी निवते. उष्णता दुपारीच बाहेर फेकायची तर यंत्रं लागली असती, आणि बिल वाढलं असतं."

"पण घर रिकामं आहे हे कसं कळतं?"

"कॅमेरे रहिवाशांनी नको म्हटले. म्हणून वास्तव्यांक काढला. वीज, पाणी, गॅस किती वापरला यावरून घरात माणूस आहे की नाही याचा अंदाज. सर्वांत कमी अंकाची सतरा घरं कोठ्या होतात. उन्हाळ्यात भारच तेवढा असतो."

खोब्रागडेने सोसायटीची वही तिच्यापुढे सरकवली. "वहीत रिकामी घरं सोळाच आहेत."

सतरावं घर होतं सातशे चार. तिथे रेवतीचे वडील एकटे राहत होते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. भोयर गुरुजी अंथरूण लांब असलं तरी पाय पोटाशी घेणारे. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं आणि आयुष्यभर दिवे मालवले. संध्याकाळचं जेवण उजेड असेतो, आंघोळ अर्ध्या बादलीत, पंखा पाहुण्यांसाठी. त्यात ही पोरीची योजना. वसाहतीच्या काटकसरीच्या फलकावर तीन महिने त्यांचाच पहिला नंबर होता, आणि रेवतीने तो कार्यालयात सर्वांना अभिमानाने दाखवला होता.

तिने फोन लावला. "बाबा, घर फार तापतं का?"

"मे महिन्यात घर तापन नाही तं काय होईन, बेटा?"

"पंखा लावा. नळ सोडा. सगळे दिवे लावा."

"भर दुपारी दिवे? मी काय येडा झालो?"

तिने सगळं समजावलं. शिक्षकाला समजायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत त्यांचा वास्तव्यांक चढला, घर निवलं, आणि रेवती दिवसभरात पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायली.

"मॅडम," खोब्रागडे म्हणाला, "आता सतरावं घर तीनशे बारा झालं. तिथंही माणसं आहेत."

तिथे सरूबाई टेंभुर्णे आणि अंथरुणाला खिळलेला त्यांचा नवरा राहत होते. कोठ्या कमी करायच्या तर सर्वांचंच बिल वाढणार. त्याला संचालकांची मंजुरी हवी, आणि त्यांची बैठक सोमवारी. रेवतीने त्याच दिवशी टिपण लिहिलं, वर 'तातडीचे' असंही लिहिलं. पण वडिलांसाठी धडधडणारी छाती सरूबाईंसाठी तशी धडधडली नाही. याची तिला लाज वाटली. तरी ती वेळेवर घरी गेली. दृष्टिआड सृष्टी.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींचा फोन आला. "माह्याकडची उष्णता नाहीशी तं होत नाही. कुठं गेली?"

खोटं बोलणं तिला जमलं नाही.

"वाटलंच मले. सरूबाईले लाल झालेलं तोंड घेऊन जिन्यात पाहिलं आज. दिवे लावा म्हटलं, तं म्हणते, गुरुजी, घरात माणूस हाय हे दाखवाले पैसे लागते जी." मग त्यांनी ठरवूनच टाकलं. "तिच्या नवऱ्याले हलवता येत नाही. मले येते हलता. सोमवारपर्यंत तुह्याकडे येतो. माह्यं घर खरंच रिकामं होऊ दे. उद्या नऊची गाडी पकडतो."

इतका साधा तोडगा आपल्याला का सुचला नाही, असं रेवतीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच पडद्यावर नोंद आली: सातशे चार, रिकामे. तीनशे बाराचा भार उतरला. "निघाले बाबा," तिने खोब्रागडेला सांगितलं. साडेबाराला ती बसस्थानकावर गेली. गाडी आली, बाबा उतरले नाहीत. फोन बंद. प्रवासात तो बंद ठेवायची त्यांची सवयच होती. पुढच्या गाडीने येत असतील, असं म्हणून ती कक्षात परतली आणि पुन्हा नोंद पाहिली. रिकामे. म्हणजे निघालेत नक्की. तीनला पुन्हा पाहिली. पाचची गाडीही तशीच आली, तेव्हा मात्र तिने वसाहतीच्या पहारेकऱ्याला दार उघडायला लावलं.

नऊच्या गाडीत जागा मिळाली नव्हती, नंतरच्याही भरलेल्या; तिकीट मिळालं ते चारच्या गाडीचं. गुरुजी घरी परतले होते. गावाला जायचं म्हणून त्यांनी सकाळीच मेन स्विच पाडला होता, गॅस आणि पाण्याचा कॉक बंद केला होता, खिडक्या लावल्या होत्या. सहा-सात तासांसाठी ते सगळं पुन्हा कोण उघडतो? आणि उघडलं असतं तर भार परत सरूबाईंकडे गेला असता. ते खुर्चीत बसलेले होते, चपला पायातच, पिशवी मांडीवर. डॉक्टर म्हणाले, जाऊन दोन तास झाले असावेत.

सकाळपासून रेवतीने ती नोंद तीनदा पाहिली होती. तिन्ही वेळा तिला हायसं वाटलं होतं.