ज्याला शेवट माहीत आहे

पडद्यावरच्या जपानी म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "चहा गार झालाय."

शेजारच्या कपटदर्शी यंत्राचा दिवा लाल झाला. म्हणजे खोटं.

डॉ. विशाखा रामटेकेनं मालिका थांबवली. बाराजण एका सरायीत कोंडलेले, त्यातले दोघे फितूर, बाकीच्यांनी त्यांना हुडकायचं, असा तो सगळा खेळ. म्हातारा फितूर होता हे तिला ठाऊक होतं. पण चहा गारच होता की. कपावर वाफेची रेघसुद्धा नव्हती. यात खोटं ते काय?

ती पुढं पाहत राहिली. सहाव्या भागात एक साधीभोळी पोरगी दुसऱ्याच्या वाटणीचा भाताचा गोळा चोरून खाते आणि तोंड पुसून सांगते, "मी नाही खाल्ला." धडधडीत खोटं. दिवा हिरवा.

"मॅडम, सिरियल? तीही भरदुपारी?" डॉ. हेमराज ढोबळे आत आले. नागपूरच्या या वर्तन-प्रयोगशाळेचे ते संचालक. "घरी रिमोट सासूबाईंकडे असतो वाटतं."

"आपण यंत्राला हीच शिकवली ना, सर? सगळे अकरा भाग?"

"हीच. खऱ्या माणसाचं खोटं सिद्ध करायला कोर्टाला वर्षं लागतात. इथं कोण फितूर ते शेवटच्या भागात फुकटात कळतं. फितुरांच्या चेहऱ्यांवर 'खोटं'ची खूण, बाकीच्यांवर 'खरं'ची. फरक यंत्रानं आपलाआपण शोधला."

"तुम्ही पाहिली होती?"

"मी? मला काय कामं नाहीत? गोष्टीचा सारांश वाचला." त्यांनी घड्याळ पाहिलं. "पोलीस निघालेत. तेवढी सही करून टाका. उद्यापासून प्रत्येक ठाण्यात एकेक कपटदर्शी."

ते गेले. विशाखाच्या सहीवर दोन गोष्टी अडल्या होत्या. एक म्हणजे हे यंत्र. दुसरी म्हणजे शेजारच्या खोलीत बाहेरून कडी लावून बसवलेली इथलीच इंजिनियर, झुंबर काळे. यंत्राचा ज्ञानसाचा, म्हणजे त्यानं शिकलेलं सगळं, कुणीतरी बाहेर एका कंपनीला विकला होता. तो उघडता येणारे तिघेच. तिघांनाही कपटदर्शीसमोर बसवून एकच प्रश्न विचारला, तिघांनीही "नाही" म्हटलं. ढोबळे हिरवे, विशाखा हिरवी, झुंबर लाल. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. पारध्याची पोर! इंजिनियर झाली म्हणून काय झालं, असं लोक तोंडावर बोलले नाहीत. फक्त एकमेकांकडे बघितलं. शिकलेल्यांची हीच रीत, घाण करायची ती नजरेनं.

अकराव्या भागाच्या शेपटीला दिग्दर्शकाची मुलाखत जोडलेली होती. शिकवताना ती फालतू म्हणून कापून टाकली होती. विशाखानं ती ऐकली आणि ताठ बसली. दिग्दर्शक हसत सांगत होता की संपूर्ण कथा त्यानं फक्त दोन नटांना वाचायला दिली, फितुरांना. बाकीच्यांच्या हातात रोज सकाळी त्या दिवसापुरती पानं पडायची. आपलं पुढं काय होणार, ते त्यांना ठाऊकच नसायचं.

ती उठून कडी काढून आत गेली.

"झुंबर, त्या दिवशी उत्तर देताना तुझ्या मनात काय होतं?"

"काही नव्हतं."

"आठव."

झुंबरनं भिंतीकडे पाहिलं. "मॅडम, आमच्या पालापासून दोन कोसांवर कोंबडी हरवली तरी पोलिसांची गाडी आमच्या दारात. मी चौथीत असताना बाईंची छत्री गेली, दप्तर माझं उपसलं. साचा चोरीला गेला हे ऐकलं तेव्हाच मला शेवट माहीत होता. त्यात मनात काय यायचं?"

विशाखाला सगळं कळलं. पुढं काय घडेल हे ठाऊक नसलं की मेंदू सतत कानोसा घेत असतो. त्यानं बुबुळात आणि पापण्यांत एक बारीक कंप राहतो. शेवटाची खात्री झाली की हा चाहूलकंप थांबतो. खात्री खोटी असली तरी थांबतो. यंत्र तेवढंच पकडत होतं.

पण हे म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, असं नव्हतं. ढोबळे म्हणणार, पोरीची दया आली मॅडमना.

आपल्या खोलीत परतून तिनं ढोबळेंना बोलावलं आणि कपटदर्शीचा डोळा स्वतःकडे वळवला. "सर, झुंबरनं आत्ता माझ्यासमोर कबूल केलं. मी सही करते."

इतकं उघड खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. मासा गळाला लागेल की नाही याची खात्री नव्हती.

दिवा हिरवा.

ढोबळेंनी दिव्याकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे सैल पडले. "मी म्हणत नव्हतो? रक्तातच असतं."

"पोलिसांना दाखवायला एकदा चालवून घेऊ. बसा समोर. साचा तुम्ही विकलात?"

"नाही," ते आरामात म्हणाले.

दिवा लाल झाला.

तेवढ्यात दारात इन्स्पेक्टर भोंगाडे येऊन उभे राहिले. त्यांनी दिवा पाहिला, ढोबळेंना पाहिलं.

"बिघडलंय," ढोबळे म्हणाले. "परवा मी हिरवा होतो. विचारा यांना."

"परवा तुम्हाला शेवट माहीत नव्हता. आज मी तो तुम्हाला सांगितला, खोटा." विशाखानं चाहूलकंप थोडक्यात समजावला. "झुंबरनं काहीही कबूल केलेलं नाही, साहेब. मी खोटं बोलले, तेही यंत्रासमोर, आणि दिवा हिरवा होता. सरांनी विश्वास ठेवला तो त्या हिरव्यावर."

"म्हणजे चोर कोण?" भोंगाडेंनी विचारलं.

"मला माहीत नाही." ते खरं होतं. लाल दिव्यानं ढोबळेही चोर ठरत नव्हते. साचा उघडणाऱ्या तिघांतले एक म्हणून त्यांच्यावर तिचा संशय होता, पण नुसत्या संशयावर माणूस कोंडायचा, तर तेच झुंबरच्या बाबतीत झालं होतं. "यंत्र खरं धरलं तर तुम्हाला झुंबर आणि सर, दोघांनाही न्यावं लागेल. खोटं धरलं तर कुणालाच नाही. संचालक सांगतील त्याप्रमाणे."

"बोला, डॉक्टर," भोंगाडे म्हणाले.

ढोबळेंची नजर दाराकडे गेली, खिडकीबाहेरच्या गाडीवर गेली, परत आली. पापण्या लवत होत्या. गृहखात्याला काय सांगायचं, नोकरी राहील की जाईल, ही बाई अजून काय काढेल, काहीच धड दिसत नव्हतं.

"हे यंत्र खोटं-खरं काही ओळखत नाही," ते शेवटी म्हणाले.

दिवा हिरवा झाला.