कुलूप उशिरा बोंबललं

"पाच वाजता पोलीस येतील," प्रयोगशाळेचे मालक म्हणाले. "माझ्या मुलीला त्यांच्या हवाली करू की नको, तेवढं सांगा."

चार वाजले होते. नव्या औषधाची कृती तिजोरीतून गेली होती आणि तिजोरीचा चार आकडी नंबर एकट्या मुलीलाच ठाऊक होता.

गुप्तहेर वहिनींनी चष्मा पुसला. सोबतचे त्यांचे दीर निवृत्त हेडमास्तर. निकाल आधी, पेपर नंतर.

"उघड आहे, वहिनी. मुलीनंच—"

"भाऊजी, जरा दम धरा."

तिजोरीच्या खोलीत उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. तिजोरीच्या इलेक्ट्रॉनिक कुलपातल्या नोंदीनुसार बारा दिवस, जेवणाच्या सुट्टीत, रोज दोन चुकीचे नंबर. दिवसातल्या तिसऱ्या चुकीला भोंगा वाजायचा.

"सुट्टीत मी खाली असते," मुलगी म्हणाली. वडील खिडकीबाहेर बघत होते.

स्टोअरकीपर म्हणाला, "मी बाहेर बाकावर घोरतो, बाई. आत मॅनेजरसाहेब पंखा बंद करून जेवतात. जेवण कसलं, डाएट! काकडी न् कलिंगड. ससासुद्धा कंटाळेल!"

"सुट्टीत पंखा का बंद असतो?" वहिनींनी मॅनेजरना विचारलं.

"वाऱ्यानं जेवण गार होतं."

वहिनींनी पंखा बंद करायला लावला. "पोरी, पहिला आकडा चुकव."

पीं!

"आता फक्त शेवटचा."

जरा थांबून, पीं!

"दोन्हीदा पींच," भाऊजी घाम पुसत म्हणाले.

"पण दुसरी उशिरा. हे कुलूप एकेक आकडा तपासतं आणि चूक सापडली की तिथंच बोंबलतं. जितकी उशिरा बोंब, तितके आकडे बरोबर. नंबर न चोरता चोवीस चुकांत हाती लागला. नाहीतर दहा हजार नंबर चाळावे लागले असते."

"मग ऐकलं कुणी?"

"ज्याला शांतता हवी होती त्यानं. भाऊजी, कलिंगड गार होईल म्हणून पंखा बंद करणारा माणूस पाहिलाय कधी?"

मॅनेजरनी डब्याची पिशवी छातीशी धरली. मालकांनी ती हिसकावली. डब्याखाली वही होती: चोवीस नंबर, प्रत्येकापुढे सेकंद. मागच्या पानात कृतीचे कागद.

मालक मुलीकडे वळले. "बाळा, आता तुझ्यावर कुणाचाही संशय नाही."

"बाबा," ती म्हणाली, "या बाईंनी सगळ्यांना प्रश्न विचारले. तुम्ही मला एकही विचारला नाहीत."

जिन्यात पोलिसांचे बूट वाजू लागले.