इंजिनाच्या बाजूने

ही गोष्ट आमच्याच वर्कशॉपमध्ये घडली. भर दुपारी. सुट्टीच्या दिवशी, शटर आतून बंद असताना.

भुतं रात्रीच भेटतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं खुशाल वाचावं. मी लेथवर काम करणारा माणूस आहे. जे मोजता येत नाही त्यावर मी विश्वास ठेवत नाही. लोकांना घाबरवून मला काही मिळतही नाही. इथे लिहितोय ते एवढ्याचसाठी, की घरात हे कुणाला सांगता येत नाही. आईला तर नाहीच.

आमचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक लेथ, एक मिलिंग मशीन आणि आम्ही दोघे भाऊ. दादा मेकॅनिक, मी मशीनवर. डोंगरात, चिखलात घालायच्या गाड्या लोक आमच्याकडे आणायचे. जुनं इंजिन काढून दुसरं दमदार इंजिन बसवायचं, हे आमचं मुख्य काम.

आता इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा. दोघांची भोकं जुळत नाहीत. मग मध्ये एक जाड प्लेट लागते. एका अंगाला इंजिनाची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. ही अडॅप्टर प्लेट तयार मिळत नाही. ती मी बनवायचो.

दादा म्हणायचा, "ही प्लेट म्हणजे लग्न जमवणारा माणूस. दोन्हीकडच्यांच्या शिव्या यालाच."

सगळं कौशल्य एका गोष्टीत असतं. प्लेटचं मधलं मोठं भोक इंजिनाच्या शाफ्टच्या बरोबर मध्यावर यायला हवं. केसभर जरी हुकलं, तरी गिअरबॉक्स आधी कुरकुरतो, मग ओरडतो आणि एक दिवस भर चढावर तुटतो.

हे जुळवायला दोन माणसं लागतात. इंजिनाच्या मागच्या बाजूला मी. माझ्यासमोर फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक. त्या चाकावर डायल लावायचा. चाक फिरलं की डायल भोकाच्या कडेवरून गोल फिरतो आणि कुठे किती फरक आहे ते काट्यावर दिसतं. इंजिनाच्या पुढच्या बाजूला दादा, शाफ्ट फिरवायच्या बोल्टला पाना लावून. मध्ये स्टँडवर भलंमोठं इंजिन. आम्ही एकमेकांना दिसायचो नाही.

मी म्हणायचो, "फिरव."

तो नाकातून "हं" करायचा. चाक फिरायचं. मी आकडे सांगायचो. मग तो तिकडूनच हुकूम सोडायचा, "डावीकडे. एक टिचकी."

की मी हातोडीने प्लेटला हलकेच ठोकायचं. उंटावरून शेळ्या हाकणं, दुसरं काय!

त्यात त्याचं डावं म्हणजे त्याचंच डावं. तो माझ्याकडे तोंड करून उभा. त्याचं डावं ते माझं उजवं. सुरुवातीला मी कितीदा भलत्याच बाजूला ठोकलंय.

"अरे, कुणाच्या बाजूने बोलतोस?" मी ओरडायचो.

"इंजिनाच्या बाजूने. मी इंजिनवाला. तू उलटं करून घे."

मी उलटं करून घ्यायला शिकलो. पुढे पुढे विचारसुद्धा करावा लागेना. दादाने डावीकडे म्हटलं की माझा हात आपोआप उजवीकडे जायचा.

शेवटची गाडी त्याची स्वतःची होती. जुनी, उघडी, चारही चाकांनी ओढणारी. वहिनीचं माहेर डोंगरावर आहे. रस्ता वाहून गेल्यापासून तिथे साधी गाडी चढत नाही. तिची आई थकलेली, वहिनीला जाऊन बरेच महिने झालेले. दादाने तिला शब्द दिला होता.

"ही गाडी होऊ दे. तुला वर घेऊन जातो."

त्या दिवशी प्लेट चढवली. डायल लावला. मी म्हणालो, "फिरव."

चाक फिरलं नाही.

"अरे, फिरव ना."

काही नाही.

मला राग आला. "झोपलास की काय?" म्हणत मी इंजिनाला वळसा घालून पुढे गेलो.

दादा स्टुलावर बसला होता. हात पान्यावर. डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मी रडलो नाही. माणसं आली, बसली, गेली. सगळं ऐकू येत होतं, आत काही पोचत नव्हतं. दिवसभर ग्राइंडर धरला की हात बधिर होतात, बोट कापलं तरी कळत नाही. मी सगळाच्या सगळा तसा झालो होतो.

वहिनीही रडली नाही. आईला धास्ती बसली ती त्याचीच. मला बाजूला घेऊन म्हणाली, "रडणाऱ्या बाईची काळजी नसते रे. हिच्याकडे लक्ष ठेव. हीपण गेली तर आपल्या घरात काय उरलं?"

वहिनी ताटावर बसायची आणि ताट तसंच उचललं जायचं. तोंडात एकच प्रश्न, "भाऊजी, गाडी कधी होईल?"

मला वाटलं, तिला तिच्या आईला भेटायचं असेल. एकदा आईच्या कुशीत जाऊन रडली की माणसांत येईल. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मला गाड्या जोडता येतात, माणसांचं काही कळत नाही.

म्हणून सुट्टीच्या दिवशी एकटाच वर्कशॉपला गेलो. कुणी विचारपूस करायला येऊ नये म्हणून शटर आतून ओढून घेतलं. वीज गेलेली. आजूबाजूची दुकानं बंद. पत्रा तापून मधूनच कडकडत होता, बाकी चिडीचूप.

एकट्याने सेंटर जुळवायचा म्हणजे पुढे जाऊन पाना फिरवा, मागे येऊन काटा बघा, परत पुढे जा. स्टँडला जरा धक्का लागला की सगळे आकडे बदलतात. माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मागच्या बाजूला येऊन पाना पायाशी टाकला आणि तिथेच उकिडवा बसून राहिलो. टॉर्च दातात. डोळे काट्यावर.

किती वेळ बसलो माहीत नाही. मग टॉर्च हातात घेतला आणि सवयीने तोंडातून गेलं, "फिरव."

…

"हं."

चाक फिरलं.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. आज भीती वाटते ती त्याचीच. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. चाक फिरलं, काटा सरकला, मी आकडा वाचला. मोठ्याने. नेहमीसारखा.

"फिरव."

…"हं."

पुढचा आकडा.

"फिरव."

या वेळी "हं" आलं नाही. नुसता स्टूल सरकल्याचा आवाज… आणि मग अगदी शांतपणे…

"डावीकडे. एक टिचकी."

माझा हात उजवीकडे गेला. ठोकलं. चाक पुन्हा फिरू लागलं, सावकाश, पूर्ण गोल.

काटा जागचा हलला नाही.

इतकी वर्षं या धंद्यात आहे. इतका स्थिर काटा मी कधीच बघितला नव्हता. मी बोल्ट आवळले, हातड्रिलने पिनांची भोकं पाडली, पिना ठोकल्या. आता ती प्लेट कितीदा काढून लावली तरी त्याच जागी बसणार होती. सगळं झाल्यावर घाम पुसला आणि मग डोक्यात आलं, पुढे जाऊन बघावं.

पुढे कुणी नव्हतं. शटर बंदच होतं.

पण पाना बोल्टवर होता.

मी माझ्या पायाशी टाकलेला पाना. त्याच्या दांड्याला हात लावला… तो कोमट होता. कुणीतरी बराच वेळ धरून ठेवल्यासारखा.

मी पाना भिंतीवर टांगला, शटर उघडलं आणि घरी गेलो. वहिनीला एवढंच सांगितलं, "गाडी होईल आता."

ती म्हणाली, "माहीत आहे."

गाडी झाली. पुढच्याच आठवड्यात सकाळी आम्ही दोघं निघालो. वहिनी माझ्या शेजारी, मांडीवर मोठी पिशवी धरून. अवघडलेली दिसली म्हणून म्हटलं, "वहिनी, पिशवी मागे ठेवा ना."

"राहू दे. मागे जागा नाहीये."

मागची सीट रिकामी होती. त्या दिवसांत ती असं काहीबाही बोलायचीच.

गिअरबॉक्सचा आवाज म्हणून नव्हता. चढावर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी जात होती. मला बरं वाटायला हवं होतं. मी आतमध्ये शोधलं, पण बरं वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं.

वरच्या वळणापाशी ढग खाली उतरला. बघता बघता समोरचं बॉनेटसुद्धा दिसेना. उजवीकडे डोंगर आहे, डावीकडे दरी आहे, एवढंच आधीचं लक्षात होतं. पण रस्ता वळत होता आणि किती वळलोय ते कळत नव्हतं. मी ब्रेक दाबला. खाली सुटी खडी. चाकं थांबली, गाडी थांबेना.

आणि तेव्हा…

"डावीकडे घे."

दादाचा आवाज. इंजिनाच्या घरघरीतून यावा तसा, सपाट.

माझे हात उजवीकडे गेले. विचार केला नाही. वेळच नव्हता. चाक डोंगराच्या कडेला घासलं, पत्रा खरवडला आणि गाडी थांबली.

ढग जरा विरळ झाला.

डावीकडे रस्ता नव्हता. अर्धा रस्ता तुटून खाली गेला होता. आमच्या चाकाने उडवलेले खडे अजून घरंगळत होते… त्यांचा आवाज खालून फार उशिरा आला.

आत काहीतरी पोचलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, हा इथेही पुढेच उभा होता. इंजिनासमोर, नेहमीसारखा माझ्याकडे तोंड करून. त्याचं डावं ते माझं उजवं. मेल्यावरही याची खोड गेली नाही! मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडलो.

वहिनी माझं रडणं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "भाऊजी, त्यांचं ऐकलं का नाहीत?"

"तुम्हालाही ऐकू आलं?"

"डावीकडे म्हणाले ते. तुम्ही उजवीकडे घेतलीत."

"अहो वहिनी, दादाची रीतच ती. तो इंजिनाच्या बाजूने बोलतो. पुढून. आपण उलटं करून घ्यायचं असतं." मी डोळे पुसत हसत होतो.

वहिनी हसली नाही.

"पुढून कुठे?" ती म्हणाली. "घरापासून माझ्या मागेच तर बसलेत. केव्हाचा मानेला श्वास लागतोय."

…

पुढे जाणं शक्य नव्हतं. गाडी मागे घ्यावी लागणार होती. मागे घ्यायची म्हणजे मान वळवून बघावं लागतं. मी बघितलं. सीट रिकामी होती.

फक्त वहिनीच्या मागची गादी… खोलगट दबलेली होती.

घरी कसा आलो ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला आणि प्लेट काढून घेतली. वहिनीला सांगितलं, "सेंटर चुकलाय, पुन्हा करावी लागेल." आयुष्यात माझ्या हातून इतकं अचूक काम झालं नव्हतं, आणि मीच त्याला नावं ठेवली.

मी सारखा विचार करतो. दादा पुढून बोलला असेल, तर त्याने आम्हाला वाचवलं. मागून बोलला असेल, तर त्याचं डावं ते माझंही डावंच. डावीकडे काय होतं ते मी बघितलंय. काटा एका वेळी दोन आकडे दाखवत नाही. यातलं एकच खरं असणार.

विचारायचं तर फक्त त्यालाच विचारता येईल. इंजिनाच्या मागे बसायचं आणि "फिरव" म्हणायचं. पण मी आता ते काम एकट्याने करत नाही. दोन माणसांची कामं परत पाठवतो.

वहिनीची तब्येत मात्र सुधारली आहे. जेवते. कधी कधी गुणगुणते. आई खूश आहे, म्हणते, "बघ, तू तिला डोंगरावर नेलंस त्याचा गुण." मी मान हलवतो.

काल वहिनी वर्कशॉपमध्ये आली. गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला. म्हणाली, "भाऊजी, प्लेट झाली की मला गाडी शिकवाल?"

"तुम्हाला कशाला? मी आहे ना."

"तुम्ही ऐकत नाही त्यांचं." ती अगदी सहज बोलत होती. "फार नको. चढावर गाडी नेता आली आणि डावीकडे वळवता आली तरी पुरे."

मी प्लेट घरी आणून माझ्या खाटेखाली ठेवली आहे. गाडीची किल्ली तिथेच लोखंडी पेटीत असते, कुलपात. आज सकाळी पेटी उघडली, तर किल्ली कोमट होती.