सपातांचा तिसरा जोड

रविवार उजाडला की त्या घरात एकच वाद: चित्रसंग्रहालय की जुनी हवेली? दोन्ही समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. संसार सरत आला, वाद काही मिटला नाही.

नवरा फ्रेमा करणारा. चित्रं बघायला जातो म्हणायचे आणि बघायचे चौकटी. कोपरा नीट जुळला नसेल तर तिथल्या तिथे च्यक् च्यक्. बायकोला हवी होती हवेली. पण आजारपणानंतर ती डावा पाय ओढत चालायला लागली. हवेलीला जिने, संग्रहालयाला लिफ्ट. झालं, दरवेळी फ्रेमवाल्यांचंच खरं. ती बिचारी चित्रांकडे पाठ करून खिडकीजवळच्या बाकावर बसायची, पलीकडची हवेली बघत.

"एकदा आत गेले ना, की परत यायची नाही मी," म्हणायची. ते हसण्यावारी न्यायचे.

हिवाळ्यात ती गेली. गेली म्हणजे, लोकांच्या लेखी. कारण रोज दिवेलागणीला बाहेरच्या खोलीत फरशीवरून पाय ओढल्याचा आवाज यायचा. सर्र. जरा थांबून, सर्र. सोबतीला येऊन राहिलेल्या लेकीला त्यांनी अवाक्षर सांगितलं नाही. उगाच डॉक्टर गाठायची. आणि खरं सांगायचं तर त्या आवाजाच्या आधारावरच त्यांचे दिवस निघत होते.

एका रविवारी लेकीने विचारलं, कुठे जायचं? तिला वाटलं, नेहमीचंच उत्तर येणार.

"हवेलीत जाऊ," ते म्हणाले. "तिचं राहूनच गेलं गं."

हवेलीची जमीन लाकडी, जुनी. ओरखडे पडू नयेत म्हणून बुटांवर जाड कापडी सपाता चढवायच्या. दारावरच्या बाईंनी तीन जोड मांडले. लेक म्हणाली, आम्ही दोघंच आहोत. बाईंनी ऐकून घेतलं, पण तिसरा जोड काही उचलला नाही.

जिन्याच्या प्रत्येक वळणावर फ्रेमवाले सवयीने थांबत होते. मागून पायरीवर कापड घासत होतं. लेक खाली मान घालून चढत होती.

वरच्या दालनात ऊन पसरलं होतं. भिंतीवर सोनेरी चौकटी होत्या. त्यांनी एकाही चौकटीकडे पाहिलं नाही. सर्र, सर्र करत आवाज त्यांच्या शेजारून पुढे गेला आणि खिडकीपाशी थांबला. तिथून रस्त्यापलीकडचा तो बाक दिसत होता. रिकामा.

ते बराच वेळ उभे राहिले.

"चल गं, बंद करतायत," ते पुटपुटले.

खिडकीपाशी काहीच हललं नाही.

जिना उतरताना मागे आवाज नव्हता. तरी ते प्रत्येक वळणावर थांबले.

दारात आता तिसरा जोड नव्हता. बाईंनी त्या दोघांचे जोड पेटीत टाकले आणि जिन्याकडे पाहिलं.

"एक वर राहिला," त्या म्हणाल्या.

"राहू द्या," फ्रेमवाले म्हणाले.

घरी दिवेलागण झाली. लेक स्वयंपाकघरात होती. ते बाहेरच्या खोलीत कान देऊन बसले. काही नाही. अंधार दाटला, तरी काही नाही. घर खायला उठलं.

शेवटी ते उठले. डावा पाय फरशीवरून हळूच ओढून पाहिला. सर्र. जरा थांबून, पुन्हा.

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"आई," लेकीने दबक्या आवाजात विचारलं, "आलीस परत?"