उरलेला लगदा

लेकीला पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळणार होती आणि त्या खोलीत कपाट हवं होतं. नवं घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तिच्या आईने जुन्या सामानाच्या दुकानातून एक लाकडी कपाट पडत्या भावात उचललं.

"अगं, हे कपाट आहे की सरपण?" नवरा म्हणाला.

ती नुसती हसली. सुताराची मुलगी होती ती. लाकडाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती.

बाहेरून कपाट धड होतं. दारं मात्र आतल्या बाजूने ओरबाडलेली होती, पार खालपर्यंत. मांजर कोंडलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण चरे लहान बोटांएवढे रुंद होते. मग मान झटकून ती कामाला लागली.

वडिलांची एक युक्ती तिला ठाऊक होती. लाकूड घासताना पडलेला भुसा सरसात कालवायचा आणि त्यानेच भेगा बुजवायच्या. त्याच लाकडाचा भुसा, त्यामुळे रंग वेगळा दिसत नाही. चरे तिने असे बुजवले, की हात फिरवूनही कळू नयेत. थोडा लगदा उरला. फेकायचा कशाला? लेकीच्या खोलीच्या दाराला कडेशी एक उभी चीर होती, तिच्यात तिने तो दाबून भरला. काटकसर अंगात मुरलेली, दुसरं काय!

दिवेलागणीला ती स्वयंपाकघरात होती, तेव्हा आवाज आला. खर्र... खर्र...

खोलीचं दार लागलं होतं. ढकललं तर हलेना. लगदा चौकटीत ओघळून वाळला असणार, असं म्हणत ती तो उकरायला पटाशी घेऊन आली.

"चिमणे, दार ओरबाडू नकोस गं. बोटात कुसळ जाईल."

आतून लेकीचा आवाज आला, लांबून, अगदी दबका.

"मी नाही ओरबाडत, आई... मी पलंगावर आहे..."

खरवडणं चालूच होतं, तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर, आता घाईघाईने. फटीतून कोंदट, ओलसर वास येत होता. ती जिवाच्या आकांताने लगदा उकरू लागली.

"डोळे मीट, सोन्या... आलेच मी..."

शेवटचा तुकडा निघाला आणि दार उघडलं. आत मिट्ट काळोख होता. त्यातून इवलंसं काहीतरी धावत आलं आणि तिच्या गळ्यात पडलं. तिने लेकीला छातीशी कवटाळलं. तिला रडूच फुटलं. लेक सुखरूप होती, बाकी घर गेलं खड्ड्यात! तिला कडेवर घेऊन ती बाहेरच्या दाराकडे धावली.

मागून, खोलीतल्या पलंगावरून, हळूच हाक आली.

"आई... डोळे उघडू का? ती गेली का गं?"

तिच्या गळ्याभोवतीची मिठी घट्ट झाली.