हाताने दिलेली साक्ष

भोरकड्याच्या पूर्व बुरुजावर दिवस उजाडला तो धुक्यातून. खाली गनिमाच्या छावणीतले धूर, वर चार महिन्यांच्या वेढ्याने हाडं निघालेली माणसं, आणि सदरेवर दोराने बांधलेला हैबती. महादरवाज्याच्या किल्ल्या तीन पिढ्या ज्याच्या घरात, त्या नाईकाला कडेलोटाचा हुकूम झाला होता.

गनिमाच्या हेराच्या पागोट्यात कागद सापडला होता. परवा पहाटे दरवाजा उघडतो, असा मजकूर, आणि खाली लाखेवर हैबतीच्या अंगठीची मोहोर.

"विचारलं तर म्हणतो, आठवत नाही," गडाच्या शिबंदीचा सरनोबत जानराव म्हणाला. "किल्लेदार, इतकं सोयीचं विसरणं आमच्या नशिबी का नाही?"

सदर हसली. हैबतीच्या आईने, आवडाबाईने, हसणारं एकेक तोंड ध्यानात ठेवलं आणि पदर खोचून ती पुढे झाली.

दोन महिन्यांपूर्वी तोफेच्या गोळ्याने तट फुटला, तेव्हा उडालेला चिरा हैबतीच्या कानशिलावर बसला होता. सतराव्या दिवशी लेक उठला. पणज्याचं नाव, कुलपांचे पेच, सारं जागच्या जागी होतं; नवं मात्र काही टिकेना. सकाळचा हुकूम भाकरी संपेतो पुसलेला. किल्ल्या जातील, घराण्याचं नाव जाईल, म्हणून तिने ते कुणाला कळू दिलं नाही. रोज त्याच्या मागे उभी राहून कानात हुकूम सांगितला, आणि 'पदराखालचा नाईक' हा टोमणा गिळला. आज ते झाकलेलं सारं स्वतःच्या तोंडाने भर सदरेत ओतावं लागलं.

"सोंग शिकवायला आईसारखा गुरू नाही," जानराव म्हणाला.

काल तिन्हीसांजेला तिने लेकाच्या उजव्या तळहातावर ताजा फोड पाहिला होता, ओघळलेल्या लाखेचा. कोणी केलं, ते त्याला सांगता येईना. पण मघा दोर आवळताना जानरावाचा हात लागला आणि हैबती विस्तवाला शिवल्यागत आक्रसला, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"सरनोबत, काल माझ्या लेकाला भेटला होतात?"

"आठ दिवसांत तोंड पाहिलं नाही त्याचं."

"बरं. किल्लेदार, तीन पिढ्यांचा नाईक कड्यावर चाललाय. पाच मानकऱ्यांच्या हातचा विडा तरी द्या त्याला."

दोर सुटला. किल्लेदारांचा विडा हैबतीने लवून घेतला. दुसरा, तिसरा, चौथाही घेतला. जानरावाने विडा पुढे केला, तसा हैबतीचा हात अर्ध्यावर गेला आणि छातीशी मिटला. तो स्वतःच त्या हाताकडे पाहत राहिला.

"घ्या, नाईक," किल्लेदार म्हणाले.

"यांनीच मला दांडपट्टा शिकवला, सरकार. यांचा मान मोठा. पण हात पुढं जात नाही. का, ते मला ठाऊक नाही."

जानरावाने विडा त्याच्या मुठीत कोंबू पाहिला. हैबती मागे सरत खांबाला टेकला.

"डोकं फुटलंय त्याचं, कातडं नाही," आवडाबाई म्हणाली. "मूठ धरून अंगठी दाबलीत, लाख हातावर ओघळली. याचं विसरणं तुम्ही हेरलंत; कागद सापडला तर बोट याच्याकडे आणि याला उद्या आठवायचं नाही, एवढ्या भरवशावर बेत रचलात. चटका ध्यानात राहायला अक्कल लागत नाही, सरनोबत. कुत्र्यालाही राहतो. तुम्हा शहाण्यांना तेवढं कळलं नाही."

किल्लेदारांनी जानरावाचं बिऱ्हाड झडतीला लावलं. उशीच्या खोळीत गनिमाचा लेखी कौल निघाला, फितुरीच्या बदल्यात दोन गावांच्या पाटिलकीचा. ऊन चढायच्या आत तोच दोर जानरावाच्या दंडांना बसला आणि तोच कडा त्याच्या वाट्याला आला.

किल्लेदारांनी मानाचा शेला मागवला. आवडाबाईने त्याला बोट लावलं नाही.

"राहू द्या. मघा हसलेली तोंडं पुसायला लागेल. किल्ल्या मात्र याच्याच कमरेला राहतील. हुकूम मी सांगेन, कुलूप तो उघडेल."

कोणी हसलं नाही.

दिवाळीआधी वेढा उठला. त्यानंतरही रोज पहाटे दरवाज्यापाशी हैबती तळहात उजेडात धरून विचारी, "आई, हा डाग कसला?"

"बेइमानीचा," ती सांगे. "तुझ्या हातावर आहे. तुझा नव्हे."

तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा मान हलवी आणि अडसर काढी.