लेखक ओळखीचा असताना

उस्मानपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात दोघांचे कागद एकमेकांत मिसळले, तेव्हा अश्लेषा वैतागलीच होती. ती एका संशोधन त्रैमासिकाची सहसंपादक. अंकाची तपासलेली पानं कुणाच्या तरी कापसाच्या शेतातल्या ओलाव्याच्या आकड्यांत हरवली होती. आकडे शिवराजचे होते. गंगापूरच्या शेतकऱ्याचा मुलगा, पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला. दोघं उभ्या उभ्या पानं वेगळी करत राहिले. बोटाला बोट लागलं, की तो उगाच पानांचे नंबर मोठ्यानं वाचायचा...

मग चहा झाले, पडेगावच्या रस्त्यानं फिरणं झालं. 'अहो'चं 'अगं' झालं.

आणि एका सोमवारी त्याचा लेख तिच्याच टेबलावर आला. त्याच्या मार्गदर्शकांनी परस्पर पाठवलेला. तिनं उत्सुकतेनं उघडला, आणि तिसऱ्या पानावर थबकली. दोन वेगवेगळ्या गावांचे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत सारखे होते.

एक फोन केला असता, तर कुणाला कळायच्या आत त्यानं दुरुस्त केलं असतं. वीस तारखेला एका कॉलेजात नोकरीसाठी त्याची मुलाखत होती. लेख स्वीकारल्याचं पत्र तिथं हवं होतं. अश्लेषानं नंबर लावला... रिंग वाजायच्या आत कट केला. मग ती मुख्य संपादक सरोजिनी मॅडमकडे गेली. लेखक आपल्या जवळचा आहे, फाइल दुसऱ्या कुणाकडे द्या, म्हणाली. त्या आकड्यांचंही सांगितलं. मॅडमनी फाइल स्वतःकडे घेतली आणि निकालापर्यंत त्याच्याशी या विषयावर बोलायचं नाही, असं बजावलं.

संध्याकाळी शिवराजनं लेखाचं विचारलं. "मला नको विचारूस," एवढंच ती म्हणाली. तो चहा अर्धा ठेवून निघून गेला.

दहा दिवस फोन नाही. मॅडमनी त्याच्याकडून शेतातल्या मूळ नोंदी मागवल्याचं तिला कळलं. वीस तारीखही गेली.

बावीसला दुपारी तो कार्यालयात आला. एकच रकाना चुकून दोनदा चिकटवला होता, म्हणाला. त्यानं स्वतःहून लेख मागं घेतला होता. मुलाखतीला गेलाच नाही.

"चूक कुणी पकडली?" त्यानं विचारलं.

"मी."

"मला फोन का नाय केलास?"

"लावला होता, शिवराज. पण तू गुपचूप दुरुस्त केलं असतंस, आणि ते गुपित जन्मभर आपल्या दोघांत बसलं असतं."

"केलंच असतं मी," तो हळूच म्हणाला. "त्याचाच राग येत होता. तुझा नाय... माझा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो खुर्ची ओढून समोर बसला. नव्यानं लिहितो, पण दुसरीकडं पाठवतो, म्हणाला. "तुमच्याकडं पाठवलं, तर दर वेळी मॅडमला सांगावं लागंल, मी तुझा कोण ते."

"मग काय सांगू?"

"लग्न ठरलंय म्हणून सांग," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "म्हणजे... ठरलं असंल तर."

अश्लेषानं डोळे पुसले.

"व्हय," ती त्याच्याच बोलीत म्हणाली.